समेवरचं बटण

“आत्ता बटण कशाला दाबलंत?” कानावरच्या वाट्यांमधून बाईंनी विचारलं आणि मी बुचकळ्यात पडलो, कारण बटण दाबायलाच मला त्या पेटीत बसवलं होतं. ही पेटी आमच्या कारखान्याच्या आवारात वर्षातून एकदा कामगारांचे कान तपासायला येणाऱ्या पांढऱ्या गाडीत असते. एका माणसाला आत बसता येईल आणि बाहेरून बघणाऱ्याला त्याची कीव येईल, एवढीच मोठी. आतून काळा स्पंज. दार लागलं की जगाचा आवाज बंद होतो आणि आपला स्वतःचा सुरू होतो: गिळलेली थुंकी, मानेतली नाडी, सकाळचा चहा कुठवर पोचला त्याची वर्दी. उजव्या कानावर लाल वाटी, डाव्यावर निळी, हातात वायरीला लोंबणारं बटण. वाटीतून बारीकसा आवाज येतो. ऐकू आला की दाबायचं, नाही आला तर गप्प बसायचं. इतकी सोपी परीक्षा मी आयुष्यात दुसरी दिलेली नाही, आणि सलग एकोणीस वर्षं पहिल्या वर्गात पास होणं मला दुसऱ्या कुठल्याही परीक्षेत जमलेलं नाही. “आवाज आला म्हणून दाबलं,” मी म्हटलं. मग बाई म्हणाल्या, “मी काही वाजवलंच नव्हतं.”

तसं बघितलं तर यात धक्का बसण्यासारखं काही नव्हतं. माणसाला दिवसभरात नसलेले आवाज ऐकू येतात. दारावरची घंटा, खिशातला फोन, कुणीतरी मारलेली हाक. पण मला आवाज आल्यासारखा वाटला नव्हता. आला होता. चांगला टोकदार, डाव्या कानात, जरा मागच्या बाजूला. मी शपथेवर सांगितलं असतं. “पुन्हा घेऊ,” बाई म्हणाल्या. “घाई करू नका.” मी डोळे मिटले. आवाज आला, दाबलं. आला, दाबलं. आला, आला. आणि मग पुढचा आवाज जिथे यायला हवा तिथे आला आणि मी दाबलं, तर वाटीतून नुसताच बाईंचा श्वास. त्यांनी तीनदा मला असं पकडलं. तिसऱ्यांदा पेटीचं दार उघडलं, कारखान्याचा नेहमीचा गोंगाट आत शिरला, आणि मला इतका आनंद झाला की जसा काही माहेरचा माणूस भेटला.

“तुम्ही ऐकत नाही आहात,” बाई म्हणाल्या. “तुम्ही मोजताय.”

“काय मोजतोय?”

“ते मला नाही सांगता येत. मी सारख्या अंतरानं चार आवाज दिले, पाचवा दिलाच नाही. तुम्ही पाचवा दाबलात. तोही मान हलवून.” त्यांनी चष्मा कपाळावर नेला आणि माझ्याकडे जरा वेळ बघितलं. या परीक्षेत माणसाला पेटीच्या काचेकडे पाठ करून बसवतात, नाहीतर तपासणाऱ्याच्या हाताकडे बघून लोक बटणं दाबतात. त्यामुळे इतका वेळ बाईंसमोर माझी फक्त पाठ होती. “तरीच,” त्या म्हणाल्या, “मघापासून वाटतंय, ही मान मी कुठेतरी पाहिलीय. दर रविवारी पाहते.”

मग मीही ओळखलं. त्या आमच्या मागच्या बाई होत्या. त्या यायला लागल्यापासून चार वर्षं आम्ही दर रविवारी एका खोलीत बसून गाणं ऐकत होतो आणि एकमेकांना समोरून कधीच पाहिलेलं नव्हतं. मी पहिल्या रांगेत, त्या दाराशी शेवटच्या खुर्चीवर, आणि रेकॉर्ड संपली की आम्ही ‘काय आलाप होता’ म्हणून मागे वळेपर्यंत त्या जिन्यात. आमच्यापैकी कुणी त्यांना नाव विचारलं नाही. विचारायची पद्धतच नव्हती.

ही पद्धत मास्तरांची. मास्तरांना मास्तर का म्हणतात हेही कुणाला माहीत नव्हतं; ते काही शिकवत असल्याचा पुरावा नव्हता. तिसऱ्या मजल्यावरची त्यांची खोली, भिंतभर रेकॉर्डी, आठ-दहा खुर्च्या, प्रत्येक खुर्ची वेगळ्या घरातून हाकललेली. आणि एकच नियम: चपला आणि पोटापाण्याचा धंदा दाराबाहेर. आत आल्यावर तू काय करतोस, कुठे असतोस, साहेब कसा आहे, हे काही बोलायचं नाही. एकदा एकजण मध्यंतरात “आमच्या हापिसात काय झालं” असं म्हणून गेला, तर मास्तरांनी पुढची रेकॉर्ड लावायला घेतलेली सुई वर उचलली आणि हात तसाच हवेत धरून ठेवला, तो गृहस्थ माफी मागेपर्यंत. त्यामुळे आम्ही एकमेकांना ऐकण्याच्या तऱ्हेवरून ओळखायचो. एक गृहस्थ पहिल्या सुरापासून शेवटच्या टाळीपर्यंत डोळे उघडत नसत, ते मिटलेले. एक दर दोन मिनिटांनी ‘वाहवा’ म्हणत, रेकॉर्ड बदलताना होणाऱ्या खरखरीलासुद्धा, ते वाहवा. आणि मी म्हणजे मान. समेवर माझी मान पडते. मी ती पाडत नाही, ती पडते. तालाचं आवर्तन फिरून जिथे घरी येतं तिथे माझी मान घरी येते, आणि हे मला कुणी शिकवलेलं नाही याचा मला मनातून पुष्कळ अभिमान होता. तबलजी चुकेल, पण ही मान चुकायची नाही, असं मास्तर एकदा म्हणाले होते. ते वाक्य मी पुढे कितीतरी दिवस खिशात घेऊन फिरलो.

धंदा दाराबाहेर ठेवण्याचा नियम मला इतका का आवडत होता, त्याचं कारण माझा धंदा. आमच्या कारखान्यात गाड्यांचे हॉर्न बनतात. म्हणजे आठवडाभर मी शहरात गोंगाट सोडायचा आणि रविवारी त्याच गोंगाटाकडे पाठ करून डोळ्यांत पाणी आणायचं. लग्नाच्या वेळी सासऱ्यांना मी ‘ध्वनिक्षेत्रात आहे’ असं सांगितलं होतं, आणि ते बिचारे बरेच दिवस मी आकाशवाणीवर कधी लागतो याची वाट बघत होते. आमच्या विभागाला वाजवणी म्हणतात. हॉर्न जोडीनं जातात, थोरला आणि धाकटा. थोरला खालच्या सुरात, धाकटा वरच्या. जोडी टेबलावर अडकवायची, वाजवायची, आवाज किती मोठा ते मोजणाऱ्या यंत्राचा काटा हिरव्या पट्ट्यात गेला की शिक्का. सुराचं बंधन कागदावर आहे, पण ते इतकं सैल की तेवढ्या चढ-उतारावर माणसाला कुठल्याही मैफिलीतून हाकलून देतील. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की थोरल्याचा षड्ज धरला तर धाकट्याचा बरोबर गंधार लागायला हवा. जवळजवळ लागतो. हॉर्नच्या पाठीमागे एक स्क्रू असतो; तो पाव आटा फिरवला की पूर्ण लागतो. त्या दिवसापासून एकोणीस वर्षं, माझ्या टेबलावरून एकही जोडी मी गंधार लावल्याशिवाय जाऊ दिलेली नाही. हे कुणी सांगितलेलं नव्हतं. कुणाला कळलंही नाही. शेजारच्या टेबलावरच्या माणसापेक्षा माझ्या जोड्या दिवसाला तीसेक कमी व्हायच्या आणि साहेब म्हणायचे, “तुम्ही काय तिथे लग्न लावता का हो त्यांचं?” लग्नच लावत होतो, पण तसं म्हणता येत नाही.

आणि गंधार ऐकायचा तर कानात बोळे घालून कसा ऐकणार? कारखाना दर महिन्याला नारिंगी रबराचे बोळे देतो. माझ्या खणात त्यांच्या न उघडलेल्या पुड्या एकावर एक साचलेल्या आहेत. सुरक्षेच्या तासाला मी मन लावून ते कानात घालून दाखवायचो आणि टेबलावर आलो की काढायचो. सुरात नसलेला हॉर्न दाराबाहेर जाण्यापेक्षा कान गेलेला पुरवला, असं मी चेष्टेत म्हणत असे. चेष्टेत म्हटलेल्या गोष्टी कुणीतरी लिहून घेत असावं.

बाईंनी मग माझी तपासणी पुन्हा केली, पहिल्यापासून, कसलाही मेळ न ठेवता. एक आवाज लगेच, पुढचा इतक्या उशिरा की मधे माझं अर्धं आयुष्य निघून गेलं, मग दोन लागोपाठ, मग काहीच नाही. इतकं बेताल मी आयुष्यात काही ऐकलं नव्हतं. मोजायला काही नव्हतं, म्हणून नुसतं ऐकावं लागलं, आणि नुसतं ऐकल्यावर कळलं की वरच्या बाजूला बराच मोठा भाग रिकामा आहे. बाहेर आल्यावर त्यांनी तक्ता दाखवला. लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्याच्या. डावीकडून दोन्ही रेषा गुण्यागोविंदानं सपाट येतात आणि मग एकदम दरीत उतरतात, निळी लालपेक्षा खोल. “वरच्या पट्ट्या गेल्यात,” बाई म्हणाल्या. “एका वर्षात नाही जात हे. पाच-सात वर्षं तरी. याआधी कोण तपासत होतं?”

“दाढीवाले.”

“ते चांगले आहेत,” त्या म्हणाल्या. “फार नियमित आहेत.” आणि मला त्या दाढीवाल्या म्हाताऱ्याचा हात दिसला, वर्षानुवर्षं एकाच मध्यलयीत बटणं दाबणारा, घड्याळासारखा, आणि काचेच्या अलीकडे पाठ करून बसलेला मी, त्याच्या ठेक्यावर बिनचूक साथ करणारा. एकोणीस वर्षं आमची जुगलबंदी चालली होती आणि दोघांनाही वाटत होतं की तपासणी चाललीय.

बाई बोलताना अंगठ्यानं बॉलपेनाचं बूड दाबत होत्या. त्यांनी ते पेन माझ्या डाव्या कानापासून हातभर अंतरावर धरलं. “हे ऐकू येतंय?” अंगठा खाली गेला, वर आला. मला अंगठा छान दिसला. मी म्हटलं, “आपली ओळख आहे, म्हणून विचारतो... मागच्या वर्षीचेच आकडे लिहिले तर—” बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. “आपली ओळख रविवारची आहे,” त्या म्हणाल्या. “तिथे मी कामाचं बोलत नाही. इथे तुम्ही गाण्याचं काढू नका.” आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं; रागावर रागावता येतं.

साहेबांना माझे कान जाण्यापेक्षा माझं टेबल रिकामं होण्याचं दुःख जास्त होतं, आणि ते त्यांनी प्रामाणिकपणे दाखवलं. नियमाप्रमाणे असा तक्ता आला की माणूस वाजवणीतून काढून पुठ्ठा विभागात, म्हणजे हॉर्न खोक्यात घालायला पाठवतात. तिथे सगळे हॉर्न गप्प असतात. “एकोणीस वर्षांत नाही ते आज कसं?” साहेब म्हणाले. “नवीन बाईंचं यंत्रच बिघडलं असणार. परवा गुरुवारी दुसऱ्या पाळीसाठी गाडी परत येतेय, दाढीवालेच आहेत. तुम्हाला फेरतपासणीचा हक्क आहे. द्या, आणि टेबलावर या. काय?” मी ‘हो’ म्हटलं. हो म्हणायला कान लागत नाहीत.

घरी जाताना मी रस्त्यावरचे सगळे आवाज तपासत चाललो, जसं चोरी झाल्यावर माणूस घरातली भांडी मोजतो. बसचं इंजिन होतं. दुकानाचं शटर होतं. पोरं होती, पण त्यांच्या ओरडण्याला वरचं टोक नव्हतं. झाडावर पक्षी होते, चोची उघडमीट करत होते, आणि मला आठवेना की यंदा किंवा गेल्या वर्षी किंवा त्याच्या आधी मी त्यांना ऐकलं होतं की नाही. आणि मग, रस्ता ओलांडताना, तंबोरा आठवला. मास्तरांच्या रेकॉर्डीत गाणं सुरू होण्याआधी जो तंबोरा लागतो, त्याच्या तारांवर जे वर तरंगत राहतं, ती बारीक चमक, जिला नाव देता येत नाही आणि जिच्यासाठी मी इतकी वर्षं तीन मजले चढतोय, ती कुठल्या पट्टीतली? वरच्याच की. म्हणजे गेली पाच-सात वर्षं मी रविवारी ऐकत काय होतो? तंबोरा, की तंबोऱ्याची आठवण? मी मध्येच थांबलो, तेव्हा एका गाडीनं माझ्यावर हॉर्न मारला. षड्ज, गंधार. आमचाच होता. स्वच्छ, पूर्ण ऐकू आला. मी हात वर करून त्याला वाट दिली.

माझी बायको ग्रंथालयात नोकरी करते. दिवसभर लोकांना ‘शू’ करायचं आणि घरी येऊन माझ्यावर ओरडायचं, असं तिचं वेळापत्रक गेली काही वर्षं झालं होतं. मी ते वयाला लावलं होतं, तिच्या. ती चिडचिडी झालीय, चालायचंच, आपण समजून घ्यावं, असं मी स्वतःशी मोठ्या मनानं ठरवलं होतं आणि त्या मोठ्या मनाचं मला कौतुकही होतं. त्या संध्याकाळी तक्ता तिच्यापुढे ठेवला, तर तिनं तो हातातसुद्धा घेतला नाही.

“मला माहितेय,” ती म्हणाली. मोठ्यानं.

“काय माहितेय?”

“तुला ऐकू येत नाही ते. चार वर्षं घसा फोडतेय मी.”

“मला वाटलं तू चिडतेस.”

“चिडतेस?” ती हसायला लागली आणि हसता हसता खुर्चीवर बसली. “अरे, शेजारी विचारतात मला, तुमच्याकडे रोज भांडण कसलं असतं. मी सांगते, भांडण नाही, मी त्याला पाणी तापलंय म्हणून सांगतेय!”

“मग सांगायचंस ना.”

“सांगितलं की. दोनदा. तुला ऐकू नाही आलं.” मग ती उठून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली, आणि माझ्या लक्षात आलं की ती बरेच दिवस उजवीकडेच बसते, जेवताना, बसमध्ये, डॉक्टरांकडे. मला वाटत होतं तिला खिडकी आवडते. “रविवारी गाण्याहून आलास की इतका खूष असतोस,” ती म्हणाली, “की वाटायचं, जाऊ दे, ऐकू येतंय ते येतंय त्याला. उगीच कशाला हात लावा.” मी चार वर्षं तिला समजून घेत होतो आणि ती मला. फरक एवढाच, की तिला काय समजून घ्यायचं ते ठाऊक होतं. मी तिला गुरुवारचं सांगितलं. दाढीवाल्यांची लय मला पाठ आहे, डोळे मिटून पास होईन, टेबल राहील. ती म्हणाली, “आणि त्या टेबलावर उरलेलं पण जाईल.” मग उठून जाताना, “तुझं तू बघ. मी ओरडायला समर्थ आहे.”

गुरुवारी पेटीत बसलो तेव्हा माझं काहीही ठरलेलं नव्हतं, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. दाढीवाल्यांनी “काय, पुन्हा तुम्ही? या या,” असं म्हणून वाट्या चढवल्या आणि दार लावलं. सुरुवातीच्या खालच्या पट्ट्या नीट ऐकू आल्या, बटण दाबत गेलो, आणि चार-सहा आवाजांत त्यांची जुनी लय लागली, तीच, एकोणीस वर्षांची, न चढणारी न उतरणारी. म्हाताऱ्याचा हात काय गोड होता! मग पट्टी वर गेली. वर गेली आणि मग वाटीत काही नव्हतं. पण लय होती. ती कुठे जाते? ती आत चालूच होती, आणि तिच्या टोकाला सम येत होती, मला लांबून दिसत होती, जशी बस दिसते. अंगठा उचलला गेला. आणि त्या क्षणी, मी खोटं बोलत नाही, आवाज आला. टोकदार. डाव्या कानात, जरा मागे. मंगळवारी आला होता तोच. इतका खरा, की मंगळवार झाला नसता तर मी त्याच्यासाठी कोर्टात गेलो असतो. मी अंगठा बटणावर ठेवला आणि दाबला नाही. सम गेली. आयुष्यात पहिल्यांदा मी एक सम तशीच जाऊ दिली, मान न हलवता, आणि जिन्याची शेवटची पायरी नसावी तसा दचकलो. पुन्हा आली. पुन्हा जाऊ दिली. मान दोन्ही हातांनी धरावी असं वाटत होतं, पण एका हातात बटण होतं. किती गेल्या मोजलं नाही. मोजायचं नाही हेच तर काम होतं. शेवटी वाट्यांमधून दाढीवाल्यांचा काळजीचा आवाज आला, “अहो, झोप लागली का?”

“नाही,” मी म्हटलं. “जागा आहे.”

तक्ता बाईंच्या तक्त्यासारखाच निघाला, फुली न् फुली. साहेबांनी दोन्ही कागद खिडकीशी नेऊन एकमेकांवर ठेवून पाहिले, कुठे तरी फट सापडेल म्हणून. “बरं,” ते म्हणाले. “सोमवारपासून पुठ्ठा.” शुक्रवारी माझ्या टेबलावरची शेवटची जोडी मी लावली. स्क्रू पाव आटा, मग त्याच्या निम्मा. गंधार आला. खालच्या पट्ट्या माझ्याकडे शाबूत आहेत. षड्ज ते गंधार यांच्या मधे कुणी हात घातलेला नाही. नंतर मी खण रिकामा केला आणि बोळ्यांच्या पुड्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाला देऊन आलो. तो म्हणाला, “एवढे? मला काय दहा कान आहेत?” मी म्हटलं, घाल. आणि ते अशा आवाजात म्हटलं की तो दचकला. माझ्या बायकोचा आवाज लागला होता.

रविवारी मी लवकर गेलो आणि शेवटच्या रांगेत बसलो, दाराशी, मागच्या बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर. पुढे बसायचा हक्क गेला असं मला वाटत होतं. त्या आल्या आणि माझ्याकडे एकदा बघून आपल्या खुर्चीवर बसल्या. मिटलेले मिटून तयार होते. मास्तरांनी रेकॉर्ड कपड्यानं पुसली, सुई टेकवायला वाकले, आणि खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न धरून ठेवला. लांबलचक. हे दर रविवारी व्हायचं आणि मास्तर दर रविवारी एकच वाक्य म्हणायचे. तेव्हाही म्हणाले: “मेल्याचे हात झडोत. पण सुरात आहे हं, मेला.”

इतकी वर्षं हे वाक्य मी खाली मान घालून ऐकलं होतं. त्या दिवशी उभा राहिलो. “मास्तर,” मी म्हटलं, “तो मेला मी आहे.” आणि मग हॉर्न, थोरला, धाकटा, स्क्रू, गंधार, बोळे, तक्ता, पुठ्ठा, सगळं सांगून टाकलं, चपला आत घेऊन आल्यासारखं. मास्तरांचा हात सुईसकट हवेत होता. मला वाटलं, आता माफी मागेपर्यंत तो तिथेच राहणार.

“म्हणजे,” मास्तर म्हणाले, “तो गंधार लावलेला आहे? आपोआप लागलेला नाही?”

“पाव आटा.”

“आणि मी तुला इतकी वर्षं शिव्या देतोय.”

“दर रविवारी.”

मास्तरांनी सुई जाग्यावर ठेवली आणि खुर्चीत बसले. “मी लिफ्ट चालवायचो,” ते म्हणाले. “एकतीस वर्षं. अकरा मजली इमारत. रोज आरोह-अवरोह, दुसरं काही नाही.” कुणी हसावं की नाही ते कुणाला कळेना. “लोक तोंडाकडे न बघता मजल्याचा आकडा सांगायचे. म्हटलं, आपल्या खोलीत तरी कुणी कुणाला मजला विचारायचा नाही. नियम काय, माझ्या लाजेचा होता रे. तुम्ही सगळे पाळत बसलात.” वाहवा म्हणाले, “वाहवा!” आणि मग ओशाळून, “म्हणजे, मी तक्रारींच्या खिडकीवर बसतो. दिवसभर एक माणूस चांगलं बोलत नाही. मलाही बोलायला मिळत नाही. म्हणून रविवारी जरा जास्त होतं.” सगळे आता मिटलेल्यांकडे बघायला लागले. ते डोळे न उघडता म्हणाले, “मी नाही सांगणार. रेकॉर्ड लावा.”

मास्तर उठले. तेवढ्यात बाई माझ्या उजव्या कानाशी, बरोबर उजव्याच, वाकून म्हणाल्या, “तुम्ही पुढे जा.”

“का?”

“मला ताल कळत नाही. कितीही प्रयत्न केला तरी सम सापडत नाही. चार वर्षं तुमच्या मानेवरून समजून घेतेय. तुम्ही इथे बसलात तर माझं काय?”

“पण मी ऐकून मान हलवतो की आठवून, हे मला स्वतःला आता सांगता येत नाही.”

“ते मला मंगळवारी लागतं,” बाई म्हणाल्या. “रविवारी नाही लागत.”

मी पुढे जाऊन माझ्या खुर्चीवर बसलो. तंबोरा सुरू झाला. खालची तार होती, भरदार, पोटात वाजणारी. वर काही तरंगत होतं का? होतं. ते रेकॉर्डीत होतं की माझ्यात, ते मी शोधायला गेलो नाही. ज्यांनी मला इतकी वर्षं न सांगता सांभाळलं, त्या यादीत माझी आठवणही होती, आणि तिचे आभार मानायचे तर निदान तिला खोटी ठरवू नये. गाणं आलं, ठेका आला, आवर्तन फिरायला लागलं. सम लांबून दिसली, जवळ आली, आणि मान पडली. दुसऱ्या आवर्तनाला पुन्हा. तिसऱ्याला मिटलेल्यांनी डोळे उघडले. ते तपकिरी निघाले. ते मागे वळून दाराकडे बघत कुजबुजत ओरडले, “कोण ते पेन वाजवतंय? टकटक, टकटक! बंद करा हो!”

मला काही ऐकू आलं नव्हतं. मास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं, कान दिला, एक पूर्ण आवर्तन जाऊ दिलं.

“असू दे,” ते म्हणाले. “समेवर आहे.”